गोधडीला गोट लावताना: कड सपाट बसावी, कोपरा टोकदार यावा म्हणून

कोऱ्या कापडाचा गोट मी पहिल्यांदा लावला तो भाचीच्या बाळाच्या दुपट्याला. आत आईच्या दोन जुन्या सुती साड्या, वर तिसरीचा पदर आणि कडेला दुकानातून आणलेलं लाल सुती कापड. शिवून झालं तेव्हा दुपटं अंथरलं की फरशीला चिकटून बसायचं, इतकं सपाट होतं. पहिल्या धुण्यानंतर दोरीवरून काढलं तर चारही कडा नाडी आवळल्यासारख्या आत ओढल्या गेल्या होत्या आणि मधलं अंग फुगून वर आलं होतं. शिलाई कुठेच चुकली नव्हती. जुन्या साड्या वर्षानुवर्षं धुऊन जेवढ्या आटायच्या तेवढ्या आटलेल्या. कोरं कापड मात्र त्यांच्याभोवती शिवल्यावर आटलं. आजीने दुपट्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "पाण्यातून काढलं नव्हतंस का गं?"

त्यानंतर मी बरीच दुपटी आणि गोधड्या शिवल्या, शिकवल्याही. नव्याने शिकणाऱ्या बायका-मुली येतात त्या "कोपरा कसा काढायचा ते दाखवा" म्हणून येतात. कोपरा अर्ध्या तासात जमतो. कड सपाट बसणं हे खरं काम आहे आणि त्यातलं निम्मं मशीनवर बसायच्या आधीच करायचं असतं.

गोट म्हणजे गोधडीच्या उघड्या कडेवर दोन्ही बाजूंनी पांघरलेली पट्टी. कुणी नुसतं पट्टी म्हणतं, कुणी बायंडिंग. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या गोधड्यांना असा वेगळा गोट नसतोच. वरच्या आणि खालच्या साडीच्या कडा आत दुमडून त्यावर धावदोरा घालत आणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यात आणले गेलेले आफ्रिकी लोक मानले जातात, त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, तर कडेपासूनच सुरू होते: आधी कड दुमडून शिवायची आणि मग तुकडे लावत लावत आत मध्यापर्यंत जायचं. त्यामुळे शेवटी कड झाकायचा प्रश्नच उरत नाही. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुलं' लावतात. ती पद्धत सुंदर आहे, पण ती सुरुवातीपासूनच तशी शिवावी लागते. गोधडीचे थर टाचून, धावदोरा घालून झाला आणि कडा उघड्या आहेत, अशा वेळी गोटच लागतो. इथे मी दुहेरी घडीचा, म्हणजे पट्टी आधी मधोमध दुमडून लावायचा गोट सांगते आहे. गोधडी सगळ्यात आधी कडेलाच फाटते, कारण आपण ती कडेनेच ओढतो, कडेनेच पिळतो. दुहेरी गोटाचा वरचा पदर झिजला तरी खाली अजून एक पदर असतो.

कापड आणि पाणी

सुती कापडच घ्या, आणि वीण घट्ट पण हाताला मऊ असलेलं. मांजरपाट चालतो, साधा पॉपलिन चालतो, ब्लाऊजपीसचं टू बाय टूसुद्धा चांगलं बसतं. खण दिसायला देखणा, पण त्याचा काठ जाड असतो आणि कोपऱ्यात चार पदर एकावर एक आले की सुई अडते. खण वापरायचाच तर काठ काढून मधलं कापड घ्या. सिंथेटिक साडीची पट्टी नवशिक्यांनी टाळावी. ती निसटते आणि इस्त्रीची घडी धरत नाही.

कोरं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, थोडं दमट असतानाच इस्त्री करा. रंग जातो का तेही तेव्हाच कळतं: ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला लाली लागली तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा भिजवा, आणि तरी रंग जातच राहिला तर ते कापड बाजूला ठेवा. दुपट्यासाठी तर नक्कीच, कारण बाळ दुपट्याचं टोक तोंडात घालतं.

कड सरळ करून घेणं

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून बहुतेक जणी तो उरकतात, आणि नंतर कड लाटेसारखी उठली की दोष पट्टीला देतात.

गोधडी जमिनीवर अंथरा. घरात चौकोनी फरशी असेल तर तिच्या सांध्यांचा उपयोग करून घ्या: गोधडीची एक कड सांध्याच्या रेघेवर ठेवली की दुसरी कड किती पळाली आहे ते लगेच दिसतं. कोपऱ्यांसाठी सुताराचा गुण्या असेल तर उत्तम, नाहीतर पाठकोऱ्या पुठ्ठ्याचा एखादा सरळ कोपराही चालतो. खडूने रेघ मारा, पण अजून कापू नका.

आता टेपने तीन मापं घ्या: गोधडीच्या मधोमध लांबी, आणि दोन्ही कडांची लांबी. तिन्ही जवळपास सारखी आली तर काळजी नाही. कडेची लांबी मधल्या मापापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त आली, तर कड सैल आहे. हाताने भरलेल्या गोधडीत हे हमखास होतं. मधे धावदोरा दाट असतो, तो कापड आत खेचून घेतो. कडेला टाके विरळ असतात, तिथे कापड मोकळं राहतं. अशा कडेवर कितीही नीट गोट लावा, तो तिच्यासोबत लाटाच मारणार.

त्यावर उपाय दोन. धावदोरा खडूच्या रेघेपासून अर्ध्या इंचावर येईपर्यंत भरत न्या. आणि मग रेघेच्या आत एक सूत अंतरावर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चहूबाजूंनी हाताने लांब टाक्याचा एक दोरा घाला. कड सैल असेल तर हाच दोरा अगदी हलका ओढून कड मधल्या मापावर आणा. चुण्या दिसता कामा नयेत. कापड नुसतं थोडं आत बसलं पाहिजे. या दोऱ्यामुळे सगळे थर एकत्र धरले जातात आणि मशीनखाली खालचा थर एकीकडे, वरचा दुसरीकडे असं होत नाही. हा दोरा गोटाच्या आत झाकला जातो, उसवायची गरज नाही.

एवढं झाल्यावरच खडूच्या रेघेवर कापा. आतला कापूस किंवा थर वरच्या कापडापेक्षा आखूड कापू नका. गोटाच्या आत पोकळी राहिली तर ती घडी लवकर झिजते. बोटांत धरल्यावर गोट भरलेला लागला पाहिजे.

पट्टी किती रुंद, किती लांब

पुष्कळ ठिकाणी "अडीच इंचाची पट्टी कापा" असं सांगतात. पातळ दुपट्याला ते बरोबर आहे. पण पाच-सहा साड्यांच्या गोधडीला अडीच इंचाची पट्टी मागे पोचतच नाही, मग ती ओढावी लागते, आणि ओढली की कड मुरडते. म्हणून हिशोब समजून घ्या, तो एकदा डोक्यात बसला की कुठल्याही जाडीला चालतो.

माया, म्हणजे कडेपासून टिपेपर्यंतचं अंतर, जेवढी सोडणार तिच्या तिप्पट घ्या. त्यात गोधडीची जाडी मिळवा. त्यात एक सूत जास्तीचं धरा, मागची टीप झाकण्यासाठी. आलेल्या मापाची दुप्पट म्हणजे पट्टीची कापायची रुंदी, कारण पट्टी मधे दुमडायची आहे.

पातळ दुपटं घ्या: माया पाव इंच, म्हणजे दोन सूत, तिप्पट सहा सूत. जाडी एक सूत धरली, जास्तीचं एक सूत. एकूण आठ सूत, म्हणजे एक इंच, दुप्पट दोन इंच. नवख्या हाताला थोडी सवड असावी म्हणून सव्वादोन ते अडीच इंच कापावी. जाड गोधडी घ्या: माया तीन सूत, तिप्पट नऊ, जाडी दोन सूत, जास्तीचं एक. एकूण बारा सूत, दीड इंच, म्हणजे पट्टी तीन इंच. जाडी मोजताना गोधडी दोन बोटांत हलकी दाबून मोजा, फुललेली मोजू नका.

लांबीसाठी चारही बाजूंची बेरीज आणि वर १२ इंच. ३६ बाय ४५ इंचांच्या दुपट्याची बेरीज १६२, वरचे १२ धरून १७४ इंच. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून किनार काढून साधारण ४२ इंचांची पट्टी मिळते, आणि प्रत्येक तिरक्या सांध्यात पट्टीच्या रुंदीएवढं कापड जातं. पाच पट्ट्या जोडल्या की चार सांध्यांचे दहा इंच जाऊन २०० इंच उरतात, म्हणजे पुरतात. पाच पट्ट्यांना साडेबारा इंच कापड लागतं. अर्धा मीटर घ्या, थोडं उरू द्या. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला अडीच इंचाच्या आठ पट्ट्या लागतात आणि त्या जेमतेमच पुरतात. तिथे नऊ कापा.

सरळ कडांसाठी पट्टी सरळ धाग्यात कापा. "गोट म्हटलं की उरेबच", म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेली पट्टीच, असं टेलरिंगच्या क्लासमध्ये मनावर बिंबलेलं असतं, कारण ब्लाऊजचा गळा गोल असतो. गोधडीच्या सरळ कडेला उरेब पट्टी लावली तर ती शिवताना हाताखाली लांबत जाते आणि कड पुन्हा लाटा मारते. उरेब राखून ठेवा ती गोल कोपऱ्यांसाठी.

पट्ट्या जोडणं

दोन पट्ट्या टोकाला टोक लावून सरळ शिवल्या तर दुमडल्यावर त्या जागी कापडाचे सगळे पदर एकाच ठिकाणी येतात आणि तिथे गाठीसारखं लागतं. तिरका सांधा घातला की ती जाडी पसरते.

एक पट्टी सुलट बाजू वर करून आडवी ठेवा. दुसरी तिच्या टोकावर काटकोनात, सुलट बाजू खाली करून, उभी ठेवा. जिथे दोन्ही एकमेकींवर आल्या तिथे एक चौकोन तयार होतो. त्याच्या चार कोपऱ्यांपैकी एक असा असतो की त्याच्या पलीकडे कुठलीच पट्टी जात नाही. तो कोपरा कापून टाकायचा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांना जोडणारी तिरकी रेघ पेन्सिलीने मारा आणि तिच्यावर टीप घाला. कापण्याआधी उलगडून बघा, सरळ पट्टी मिळाली पाहिजे. मग पाव इंच माया ठेवून टोक कापा आणि माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. सगळ्या पट्ट्या जोडून झाल्यावर पूर्ण लांब पट्टी उलट बाजू आत घेऊन मधोमध दुमडा आणि इस्त्री फिरवा. इस्त्री ओढत नेऊ नका, उचलून ठेवत जा. ओढली की पट्टी लांबते.

पहिली टीप

शिवण्याआधी गोट गोधडीच्या भोवती नुसता मांडून बघा. पट्ट्यांचा एखादा सांधा बरोबर कोपऱ्यात येत असेल तर सुरुवात चार-पाच इंच पुढे-मागे घ्या. कोपऱ्यात आधीच घडी असते, त्यात सांधा आला तर सुई मोडते.

सुरुवात नेहमी एखाद्या बाजूच्या मध्यापासून करा, कोपऱ्यापासून कधीच नाही. गोधडीची पुढची बाजू वर ठेवून गोटाच्या दोन्ही उघड्या कडा गोधडीच्या कापलेल्या कडेला जुळवा. घडी गोधडीच्या आतल्या बाजूला. सुरुवातीचं दहा इंच टोक मोकळं सोडा आणि तिथून टीप सुरू करा. इंचात दहा टाके पुरेत. जाड गोधडीला सोळा नंबरची सुई लावा.

आता हाताची गोष्ट. मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरचा पाय गोटाला दाबून धरतो, त्यामुळे गोट हळूहळू पुढे ढकलला जातो. बाजू संपताना गोटाची एक लाट उरते, आणि ती जिरवायला आपण गोट ओढतो. बहुतेक मुरडलेल्या कडा इथेच जन्मतात. साध्या काळ्या पायमशीनवर पाय उचलण्याच्या दांड्याच्या वर, अगदी डोक्यावर, एक गोल स्क्रू असतो. तो दोन-तीन वेढे सैल केला की पायाचा दाब कमी होतो आणि जाड गोधडी मोकळी सरकते. मशीनला वॉकिंग फूट बसत असेल तर फारच छान, तो वरचा थरही सोबत चालवतो.

आणि प्रत्येक बाजूचं माप आधीच ठरवून घ्या. गोधडीच्या मधलं जे माप होतं, तेवढ्याच अंतरावर गोटावर दोन खुणा करा, त्या दोन कोपऱ्यांना टाचा, मग मधोमध एक टाचणी, मग दोन्हींच्या मधे एकेक. आता गोट कुठे ओढायचा नाही की ढिला सोडायचा नाही, जागा ठरलेल्या आहेत. जाड गोधडीत टाचण्या वाकतात. तिथे केसांच्या टिकटिक पिना किंवा ऑफिसातले कागदांचे छोटे चिमटे वापरा. दुपटं शिवत असाल तर टाचण्या मोजून काढा आणि मोजून परत डबीत ठेवा. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकीला मी हे पहिल्या दिवशी सांगते. हातात उरलेली संख्या जुळली नाही तर दुपटं बाळाजवळ जायच्या आधी सगळं चाचपून बघायचं.

कोपरा

कोपऱ्याजवळ आलात की मशीन हळू चालवा. माया पाव इंच असेल तर पुढच्या कडेच्या पाव इंच आधी थांबा. तीन सूत असेल तर तीन सूत आधी. ती जागा आधीच पेन्सिलीच्या ठिपक्याने दाखवून ठेवा. अंदाजाने थांबलेला कोपरा कधीच टोकदार येत नाही. ठिपक्यावर सुई खाली असताना पाय उचला, गोधडी थोडी फिरवा आणि तिथून थेट गोधडीच्या टोकाच्या दिशेने तिरकी टीप काढून बाहेर या. दोरा कापा.

आता गोधडी फिरवून पुढची बाजू तुमच्या समोर उभी येईल अशी ठेवा. गोट वर, तुमच्यापासून दूर दुमडा. तिरक्या टिपेवर तो आपोआप वळतो आणि गोटाची उघडी कड पुढच्या बाजूच्या कडेच्या सरळ रेषेत वर जाते. ही रेषा सरळ आली की नाही ते बघाच. थोडी जरी वाकडी असेल तर घडी पुन्हा घाला. आता गोट तसाच खाली, तुमच्याकडे दुमडा. वरची नवी घडी आत्ताच शिवलेल्या बाजूच्या कडेशी तंतोतंत जुळली पाहिजे, खाली उतरली नाही पाहिजे, वर डोकावली नाही पाहिजे. अंगठ्याने दाबून धरा, एक टाचणी लावा, आणि टीप त्या वरच्या घडीपासूनच, अगदी काठावरून, सुरू करा.

आत बोट घातलंत तर तिथे कापडाचा एक छोटा मोकळा त्रिकोण लागेल. तोच पुढे उलटून कोपरा होतो. तो शिवणीत अडकला असेल तर टीप ठिपक्याच्या पुढे गेली आहे. दोन टाके उसवा, एवढंच. पहिले कोपरे जुन्या चादरीच्या तुकड्यावर करून बघा. चार कोपरे करायला पंधरा मिनिटं लागतात आणि हाताला सवय होते.

शेवटचा सांधा

चारही बाजू फिरून तुम्ही सुरुवातीच्या जवळ आलात. सुरुवातीच्या टिपेच्या दहा-बारा इंच आधी थांबा. आता दोन मोकळी टोकं आहेत आणि मधे न शिवलेली कड. या जागेचा लोकांना फार धाक वाटतो. सोपा मार्ग आधी सांगते: सुरुवातीचं टोक उलगडून तिरकं आत दुमडा, शेवटचं टोक त्याच्या पोटात दोन इंच सरकवा, आणि वरून टीप घाला. बाळाच्या पहिल्या दुपट्याला तेवढं पुरे. फक्त तिथे हाताला थोडं जाड लागतं आणि उघडं राहिलेलं तिरकं तोंड हाताने बंद करावं लागतं.

सांधा दिसूच नये असं वाटत असेल तर असं करा. गोटाचा जास्तीचा एक तुकडा कापून तो पूर्ण उलगडा. त्याची रुंदी हीच तुमची मोजपट्टी. सुरुवातीचं टोक गोधडीच्या कडेवर सपाट ठेवा. शेवटचं टोक त्याच्यावर सपाट ठेवा. दोन्ही टोकं एकमेकांवर बरोबर त्या तुकड्याच्या रुंदीइतकीच यायला हवीत, अडीच इंची पट्टी असेल तर अडीच इंच. जास्तीचं कापा. चूक होते ती इथेच: पाव इंच जास्त राहिलं तर गोट सैल, कमी राहिलं तर ओढलेला. दोनदा मोजा.

आता गोधडी मधे दुमडून दोन्ही टोकं जवळ आणा म्हणजे हातात सवड मिळेल. दोन्ही टोकं उलगडा आणि पट्ट्या जोडताना केलं तसं काटकोनात, सुलट बाजूला सुलट बाजू, एकावर एक ठेवा. तिरक्या रेघेवर फक्त टाचण्या लावा. गोट परत दुमडून कडेवर बसवून बघा. पीळ पडला असेल तर आत्ताच दिसतो. सपाट बसला तर टीप घाला, माया कापा, नखाने दाबून उघडा आणि उरलेली दहा-बारा इंच कड शिवून टाका. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी ती जागा शोधायला आईला दिली होती, तिला सापडली नाही.

मागची बाजू, हाताने

गोटावर इस्त्री फिरवून तो बाहेरच्या बाजूला उघडा करा, मग मागे वळवा. घडी मागच्या टिपेवरून एक सूत पुढे यावी, म्हणजे टीप झाकली जाईल. एकदम सगळी बाजू टाचू नका. वीतभर पुढे चिमटे लावत चला.

दोरा गोटाच्या रंगाचा घ्या, गोधडीच्या नव्हे. दीड फुटापेक्षा लांब घेतला तर तो गुंततो आणि घासून कच्चा होतो. गाठ गोटाच्या आत लपवा. सुई गोटाच्या घडीतून बाहेर काढा, बरोबर तिच्या समोर गोधडीच्या मागच्या कापडात टोचा, दीड-दोन सूत पुढे कापडाच्या आतून जा, आणि पुन्हा घडीच्या काठावर वर या. टाका घडीत लपतो, वरून बारीक ठिपका दिसतो, नाहीतर तोही नाही. सुई मागच्या कापडात आणि थोड्या आतल्या थरात शिरली पाहिजे, पण पुढे येता कामा नये. डाव्या हाताचं बोट खाली ठेवलं की टोक लगेच कळतं. दोरा घट्ट ओढू नका. टाका बसला की थांबा. इथे ओढलेला दोरा कडेला सगळ्यात बारीक चुण्या पाडतो.

कोपऱ्यात आधी एक बाजू शेवटपर्यंत खाली घ्या, मग दुसरी तिच्यावर. पुढच्या बाजूला घडी ज्या दिशेने पडली आहे, मागे त्याच्या उलट दिशेने पाडा, म्हणजे जाडी दोन्हीकडे वाटली जाते. तिरक्या घडीवर दोन-तीन टाके दोन्ही बाजूंनी घालून टाका, नाहीतर बाळाच्या बोटांना आणि मोठ्यांच्या अंगठ्याला तिथेच अडकायची सवय लागते. जाड गोधडीत कोपरा गोळा झाल्यासारखा वाटला तर उलटवण्याआधी आतल्या थरांचं टोक किंचित तिरकं कापा, टिपेला मात्र धक्का लावू नका.

३६ बाय ४५ च्या दुपट्याला हे करायला मला दोन संध्याकाळी पुरतात, टीव्हीच्या आवाजात नाही तर गप्पांच्या आवाजात. रोजच्या वापराच्या, मशीनमध्ये धुवायच्या गोधडीला मागची बाजूही मशीनवर करता येते. मग क्रम उलटा करा: पहिली टीप गोधडीच्या मागच्या बाजूने घाला, गोट पुढे वळवा आणि पुढून घडीच्या अगदी काठावर शेवटची टीप मारा. पुढची टीप तुमच्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळे ती सरळ येते. हात वळलेला नसेल तर पहिल्या गोधडीला मी हाच मार्ग सुचवीन.

गोल कोपरे हवे असतील तर कोपऱ्यावर जेवणाची ताटली पालथी ठेवून खडूने वळण आखा. चारही कोपऱ्यांना तीच ताटली. इथे उरेब पट्टी: कापड तिरकं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याला ४५ अंशात दुमडून त्या घडीला समांतर पट्ट्या कापायच्या. वळणावर गोट ओढू नका. उलट थोडा ढिला सोडत, सुई खाली ठेवून दर दोन टाक्यांनी पाय उचलत वळवा. ओढलेली उरेब पट्टी वळणावर गोधडीला वाटीसारखी वर उचलते.

गोधडी वापरात आली की काही वर्षांनी पायाकडच्या कडेचा गोट झिजतो. घडीवर दोरे दिसायला लागले की जुना उसवू नका, त्याच्यावरूनच नवा लावा. फक्त जाडी पुन्हा मोजा आणि पट्टी त्या हिशोबाने अर्धा इंच जास्त रुंद कापा. त्यासाठीच गोटाचं उरलेलं कापड फेकू नये. ते गोधडीसोबतच धुण्यात टाका, वाळवा, घडी करून कपाटात त्याच गोधडीच्या घडीत ठेवा. पाच वर्षांनी काढाल तेव्हा त्याचा रंग गोधडीएवढाच फिका झालेला असेल आणि ते आटायचं तेवढं आटलेलंही असेल.